अनुभव धागा: पॅकेजला फाइल हवी की नाव?

गेल्या रविवारी इंदूरच्या रामबागेत एका मित्राकडे पोहे खाताना वाद निघाला आणि जिलेबी संपली तरी मिटला नाही. आम्ही चौघंही एकच सॉफ्टवेअर लिनक्सवर बसवायच्या तयार गठ्ठ्यात, म्हणजे पॅकेजमध्ये, देणारे, आणि तेही दोन्ही रूपांत: सेंटॉस-फेडोरासाठी आरपीएम, डेबियन-उबुंटूसाठी डेब. मुद्दा एवढाच: पॅकेजला जे लागतं ते 'अमुक जागी अमुक फाइल हवी' असं लिहावं, की 'अमुक नावाचं पॅकेज हवं' असं? आरपीएमला दोन्ही कळतं. डेबला फक्त नाव कळतं. मधल्या मध्ये आपण सापडतो.

ज्यांनी यात हात पोळून घेतलेत त्यांनी इथे लिहा. ग्राहकाचं नाव नको, पण डिस्ट्रो (लिनक्सचा कोणता प्रकार) आणि आवृत्ती जरूर सांगा. आज्ञा आणि पाथ (फाइलचा पत्ता) देवनागरीतच लिहू या. टंकताना रोमन लागतं हे इथे कुणाला सांगायला नको.

माझंच आधी सांगतो.

सियागंजातल्या एका ठोक व्यापाऱ्यासाठी मालाच्या साठ्याचा हिशेब ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर केलं होतं. रात्री नऊला दिवसाचा गोषवारा मेलने जायचा. सेंटॉस ७ वर आरपीएमच्या रिक्वायर्स ओळीत, म्हणजे काय काय लागतं त्या यादीत, मी सरळ /यूएसआर/एसबिन/सेंडमेल लिहिलं. पोस्टफिक्स असो, एक्झिम असो की खुद्द सेंडमेल, हे तिघंही मेल सर्व्हर ती फाइल त्या जागी देतात. कोण देतो याच्याशी मला काय करायचंय?

पुढे त्याच्या भाच्याच्या दुकानात उबुंटू निघालं. एफपीएम या पॅकेज बनवणाऱ्या साधनाने त्याच यादीवरून डेब बनवलं, बनलंही. ग्राहकासमोर बसवायला गेलो तर डेब बसवणारा डीपीकेजी म्हणतो, पॅकेजच्या नावाची सुरुवात अक्षराने किंवा अंकाने व्हायला हवी. माझ्या 'नावाची' सुरुवात तिरक्या रेघेने! म्हणजे त्याने फाइल शोधलीच नव्हती, पाथलाच पॅकेजचं नाव समजून वाचत होता. शेवटी 'डिफॉल्ट-एमटीए | मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' लिहिलं. यातली दोन्ही नावं आभासी आहेत. त्या नावांचं खरं पॅकेज नसतं; दुसरं नाव प्रत्येक मेल सर्व्हर आपल्या प्रोव्हाइड्समध्ये (मी काय पुरवतो त्या यादीत) लावून घेतो, पहिलं फक्त डिस्ट्रोने ठरवलेला एकच. पहिलं पुढे ठेवलं, कारण नुसतं दुसरं नाव दिलं तर कोणता मेल सर्व्हर येऊन बसेल हे आपल्या हातात राहत नाही.

आता तुम्ही.

सेंटॉसपीडित:

तुम्ही निदान ती ओळ स्वतः लिहिली होती. मी न लिहिलेल्या ओळीने माझे दोन दिवस खाल्ले.

सेंटॉस ७ वर बांधलेलं आरपीएम, आत पायथनच्या सात-आठ स्क्रिप्ट. सेंटॉसच्या आठ मालिकेच्या मशीनवर चढवलं तर उत्तर आलं की /यूएसआर/बिन/पायथन कुणीच देत नाही. स्पेक फाइल (आरपीएम बांधायची कृती) तीनदा वाचली, त्यात पायथनचा उल्लेखसुद्धा नाही! मग कळलं, आरपीएम बांधताना प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ वाचली जाते आणि तिथला इंटरप्रिटरचा (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पाथ आपोआप रिक्वायर्समध्ये जातो. सातमध्ये त्या पाथवर पायथन २ बसलेला असायचा. आठमध्ये आकड्याशिवायचा 'पायथन' मुळात नसतोच, ॲडमिनने ठरवून लावला तर येतो. सगळ्या पहिल्या ओळी पायथन३ केल्या, पुन्हा बांधलं, बसलं.

मग दुसरा अडथळा: /यूएसआर/लोकल/बिन/पर्ल. हा कुठून आला म्हणून शोधतोय तर डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमध्ये कुणीतरी उदाहरण म्हणून ठेवलेली एक जुनी फाइल. कधीही न चालणारी. पण तिला एक्झिक्यूटची परवानगी होती, म्हणून आरपीएमने ती मनावर घेतली. परवानगी काढली, डिपेन्डन्सी (लागणाऱ्या गोष्टीची अट) गेली. एका बिटासाठी रात्रीचा सराफा, म्हणजे खाऊगल्ली, हुकला, ते दुःख वेगळंच.

मूळ धागाकर्ता:

सेंटॉस ७ चा आधार जून २०२४ मध्ये संपला तरी सियागंजात अजून दोन मशीनवर तो धावतोय. 'चालतंय ना, मग हात लावू नका' हे तिथलं धोरण.

स्लॅकवेअर काका:

स्लॅकवेअर या लिनक्स डिस्ट्रोचं पॅकेज साधन डिपेन्डन्सी तपासतच नाही. ना फाइल, ना नाव. मी सुखी आहे.

सेंटॉसपीडित:

काका, तुम्ही सुखी आहात, पण मशीन ज्याला वापरायचंय त्याचं काय?

स्लॅकवेअर काका:

तो मीच.

परदेशीपुऱ्याची:

माझा अनुभव उलट्या बाजूचा. फाइल जागेवर होती, पाथ बरोबर होता, तरी स्क्रिप्ट पडली.

बसवल्यानंतर चालणारी स्क्रिप्ट /बिन/एसएच ने सुरू होत होती आणि आत दुहेरी चौकटी कंसातली तुलना. फेडोरावर मक्खन, कारण तिथे /बिन/एसएच म्हणजे बॅश हा शेलच (आज्ञा चालवणारा प्रोग्राम). उबुंटूवर मात्र २००६ पासून त्या जागी डॅश हा छोटा शेल आहे, डेबियनने तो २०११ च्या स्क्वीझमध्ये घेतला. डॅशला दुहेरी कंस कळत नाही. आरपीएमची फाइलची अट इथे घातली असती तरी पुरी झालीच असती, कारण फाइल आहेच की! आपण पत्ता विचारला, घरात कोण राहतं ते विचारलंच नाही.

पहिली ओळ /बिन/बॅश केली. डेबमध्ये बॅशवर डिपेन्डन्सी लिहायचीही गरज नाही, तो अत्यावश्यक पॅकेजांत मोडतो. नंतर तीच स्क्रिप्ट अल्पाइन या छोट्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये टाकली तर तिथे बॅशच नाही. अल्पाइनचा प्रकार मला मनापासून आवडला, सांगते: तिथे पॅकेज जी आज्ञा देतं ती 'सीएमडी:बॅश' अशा नावाने आपोआप नोंदवली जाते. म्हणजे पाथ नाही, पॅकेजचं नावही नाही, थेट काय चालवायचंय तेच. 

बडोदेकर:

आमच्या दांडिया बाजारातल्या ऑफिसातून दोन छोट्या गोष्टी.

एक. डेबियन १२ वर 'डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/एलएस' करा, सापडत नाही म्हणेल. '/बिन/एलएस' विचारा, लगेच कोअरयुटिल्स सांगेल. प्रत्यक्षात /बिन ही आता /यूएसआर/बिन कडे जाणारी लिंक आहे, पण डीपीकेजी आपल्या वहीत लिहिलेलंच बघतो, डिस्कवर काय आहे ते बघत नाही. फेडोराने हे एकत्रीकरण २०१२ मध्ये सतराव्या आवृत्तीत केलं, तेव्हा बॅश पॅकेजमध्ये /बिन/एसएच मुद्दाम प्रोव्हाइड म्हणून लिहावं लागलं, नाहीतर जुनी आरपीएम अडली असती.

दोन. कुणी 'एलियनने (पॅकेजचं रूप बदलणाऱ्या साधनाने) आरपीएमचं डेब करून टाका' असा सल्ला दिला तर हसून सोडा. एलियन फाइली हलवतो, डिपेन्डन्सी भाषांतरित करत नाही. पॅकेज बसतं सुरेख आणि चालवलं की पडतं.

छपाईवाली:

राजवाड्याजवळ आमचं लग्नपत्रिका आणि पावत्यांचं काम आहे, पीडीएफ सर्व्हरवर तयार होतं. मी प्रोग्रामर नाही, पण या प्रकरणात माझी एक पूर्ण ऑर्डर चौकोनी डब्यांची छापली गेली, म्हणून मलाही बोलायचा हक्क आहे.

आमच्या मुलाने प्रोग्राममध्ये फॉन्टचा पाथ ठोकून लिहिला होता: /यूएसआर/शेअर/फॉन्ट्स/ट्रूटाइप/लोहित-देवनागरी/ आणि पुढे फाइल. डेबियनवर बरोबर. नवा सर्व्हर फेडोराचा, तिथे मधलं 'ट्रूटाइप' फोल्डर नाही. फॉन्ट बसलेला, प्रोग्रामला सापडेना, त्याने इंग्रजी फॉन्ट उचलला, आणि 'चि. सौ. कां.' च्या जागी डबे. नवऱ्या मुलीच्या वडिलांनी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पॅकेजचं नावही दोन्हीकडे वेगळं: डेबियनला फॉन्ट्स-लोहित-देवा, फेडोराला लोहित-देवनागरी-फॉन्ट्स. मुलाने मग पाथ काढून टाकला. प्रोग्राम आता एफसी-मॅच या फॉन्ट शोधणाऱ्या आज्ञेला विचारतो की मराठीसाठी कोणता फॉन्ट आहे, आणि मिळालेली फाइल वापरतो. आरपीएममध्ये तर अट अशी लिहिता येते म्हणे: 'फॉन्ट(:लँग=एमआर)'. मराठी लिहिता येणारा कुठलाही फॉन्ट चालेल. मला ते वाचून फार बरं वाटलं, यंत्राला कुणीतरी नीट मराठी मागितल्यासारखं. डेबला मात्र लोहितचं नावच द्यावं लागलं.

परदेशीपुऱ्याची:

ताई, ही अट फाइलवरही नाही आणि नावावरही नाही, क्षमतेवर आहे. आमच्या वादातला तिसरा गडी तुम्ही आणलात.

सेंटॉसपीडित:

लायब्ररींचंही तसंच आहे ना? आरपीएम 'लिबएसएसएल.एसओ.१.१()(६४बिट)' असं मागतं. नऊ मालिकेत ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीची मूळ आवृत्ती ३ आली, पण कम्पॅट-ओपनएसएसएल११ टाकलं की तीच मागणी पुरी होते, पॅकेजचं नाव काहीही असो. डेबमध्ये बांधतानाच एसएचलिबडेप्स हे साधन लायब्ररीवरून पॅकेजचं नाव काढून ठेवतो, लिबएसएसएल१.१. उबुंटू २२.०४ मधून ते पॅकेजच गेलं आणि बाहेरून आणलेली किती डेब आडवी झाली, विचारू नका.

बडोदेकर:

फाइलवर अट घालणाऱ्यांना एक सूचना. फेडोराच्या रेपोतल्या (पॅकेजांच्या कोठारातल्या) मुख्य यादीत ढोबळमानाने बिन फोल्डर आणि /ईटीसी मधल्याच फाइली असतात. बाकी सगळ्या फाइलींची यादी वेगळी आणि बरीच जड. फेडोरा ४० पासून डीएनएफ, म्हणजे तिथला पॅकेज उतरवून बसवणारा, ती आपणहून उतरवत नाही. म्हणजे /यूएसआर/शेअर मधल्या फाइलवर अट घातलीत तर फाइल रेपोत असूनही 'कुणी देत नाही' असं ऐकावं लागेल. पॅकेजिंगचे त्यांचे नियमही त्या मोजक्या फोल्डरांबाहेरच्या फाइलींवर अट घालू नका असंच सांगतात.

मूळ धागाकर्ता:

हे आजच कामाला आलं, भिया! माझ्या आरपीएममध्ये सेंडमेलखाली आणखी एक ओळ होती, सुरक्षित जोडणीच्या सर्टिफिकेटांच्या फाइलची, /ईटीसी/पीकेआय/टीएलएस/सर्ट्स/सीए-बंडल.सीआरटी. /ईटीसी मधली म्हणून निभावत होती. डेबियनकडे तीच गोष्ट /ईटीसी/एसएसएल/सर्ट्स/सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी अशी. सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेजचं नाव मात्र दोन्हीकडे एकच निघालं! तेव्हा सर्टिफिकेट नावावर, सेंडमेल आरपीएममध्ये फाइलवर आणि डेबमध्ये आभासी नावावर, सर्टिफिकेटचा पाथ प्रोग्रामच्या कॉन्फिगमध्ये.

डेब भाच्याच्या दुकानात बसलं, नऊचा मेल आला. मामाकडे शनिवारी जातोय, बाजार बंद झाल्यावर. तोवर धागा उघडा आहे, आर्च लिनक्सवाले अजून कुणी बोललेले नाहीत.