पोकेमॉन गोल्डच्या कार्ट्रिजमधला झाळलेला सेल बदलायचाय, पण २००२ चं सेव्ह जाऊ द्यायचं नाहीये – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एरवी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबेल, पण पूर्ण वाचून मगच सांगा, कारण एकदा हात घातला की परत फिरता येणार नाही असं काम आहे.

माझ्याकडे गेमबॉय कलर या हातातल्या गेम मशीनचं पोकेमॉन गोल्ड या गेमचं कार्ट्रिज (गेमची कॅसेट) आहे, ओरिजिनल, सोनेरी. २००१ च्या मे महिन्यात काका अमेरिकेहून आले तेव्हा गेमबॉयसकट घेऊन आले होते. यात सेव्ह केलेला गेम राहतो तो एका छोट्या रॅम चिपवर, आणि गेमबॉय बंद असतानाही ती रॅम जिवंत राहावी म्हणून आत एक बटन सेल असतो, सीआर २०२५. सेल संपला की सेव्ह गेलं, कायमचं. आणि हा सेल रिमोटमधल्यासारखा सरकवून काढता येत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या आहेत आणि त्या पट्ट्या बोर्डावर झाळलेल्या आहेत. म्हणजे सेल काढायचा तर सोल्डरिंग आलं, आणि काढला त्या क्षणी रॅमचा करंट तुटणार, सेव्ह जाणार. माझं घोडं इथेच पेंड खातंय.

आत्ताच का आठवलं, तर ऑफिसमधल्या एका मित्राकडे सिल्व्हर (गोल्डचाच जोडीचा गेम) होतं, त्याने गेल्या महिन्यात मुलीला दाखवायला म्हणून हौसेने बाहेर काढलं, चालू केलं तर मेनूत कंटिन्यू नाहीच, फक्त न्यू गेम. तो काही बोलला नाही फारसं पण त्याचा चेहरा बघून मी त्याच संध्याकाळी माळ्यावरची पेटी काढली. माझं चाललं. सेव्ह आहे. पण किती दिवस?

हे सेव्ह माझं एकटीचं नाही, माझं आणि धाकट्या भावाचं आहे. गोल्डमध्ये एकच सेव्ह मावतं, त्यामुळे सांगलीच्या घरी आम्ही दोघांनी मिळून एकच गेम खेळलाय, शाळेतून आल्यावर अर्धा तास मी, अर्धा तास तो, आणि आई घड्याळ बघून बसायची. ट्रेनरचं, म्हणजे गेममधल्या आमच्या खेळाडूचं, नाव सचिन. पहिला घेतलेला पोकेमॉन टोटोडाइल, मगरीसारखा, त्याचं नाव भावाने ठेवलं मगरू. गेमबॉय कलरच्या स्क्रीनला आतून लाइट नसतो हे ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत असेल, तर लाइट गेली की कंदिलाशेजारी तो एका ठराविक कोनात तिरका धरावा लागायचा, एकाने धरायचा आणि दुसऱ्याने बटणं दाबायची. त्यातले पेन्सिल सेल संपले की आजोबांच्या खोलीतल्या घड्याळाचा एक आणि रेडिओचा एक. आजोबांना कळायचं, पण ते कधी ओरडले नाहीत. भाऊ आता जर्मनीत असतो, तीन वर्षांनी दिवाळीला येतोय, आणि मला ते सेव्ह त्याच्या हातात द्यायचंय, तेच, नवीन सुरू केलेलं नाही.

आतापर्यंत मी काय काय केलंय ते सांगते. कार्ट्रिजचा स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने निघत नाही, ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो, तो ऑनलाइन मागवला. उघडून आतला फोटो काढून ठेवला. मल्टिमीटरची टोकं सेलच्या दोन पट्ट्यांना हलकेच लावून बघितली तर २.६४ व्होल्ट दाखवले. एका मोबाइल रिपेअरवाल्याकडे नेलं तर त्याने ड्रॉवरमधून साधा सेल काढला आणि म्हणाला याच्यावरच डायरेक्ट डाग देतो, दोन मिनिटांचं काम आहे, सेव्हबिव्हचं नंतर बघू. मी कार्ट्रिज उचललं आणि घरी आले. मग २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न घेतला आणि बंद पडलेल्या एका रेडिओच्या बोर्डावर सराव करतेय. पहिल्या दिवशी कथील पूर्ण वितळायच्या आधीच तार ओढली आणि तांब्याचा पॅडच उखडून वर आला, ते बघून पोटात गोळा आला, हेच गोल्डच्या बोर्डावर झालं असतं तर. आता बरं जमतंय पण हात अजून थोडा थरथरतो.

तर मला विचारायचंय ते असं की सेव्ह न घालवता सेल बदलायचा खात्रीचा मार्ग कोणता? गेमबॉय चालू ठेवून तशातच सेल बदलतात असं काही ठिकाणी वाचलंय, ते किती सेफ आहे? सीआर २०३२ जास्त चालतो म्हणतात तो बसेल का? आणि सोल्डरिंग न करता इलेक्ट्रिकच्या टेपने सेल दाबून बसवतात तेही बघितलंय, चालतं का ते? मी पुण्यात असते, वस्तू तपकीर गल्लीत मिळत असतील तर तसंही सांगा, शनिवारी जाऊ शकते.

प्रतिसाद १

ताई, सगळ्यात आधी, सेलला अजून हात लावू नका, आणि त्या दुकानातून उठून आलात ते फार चांगलं केलंत. सेलवर डायरेक्ट आयर्न टेकवायचा नसतो, आत लिथियम असतं, तापलं तर सेल फुगतो, गळतो, कधी फुटतोही. बाजारात पट्ट्या आधीच वेल्ड केलेला सीआर २०२५ मिळतो, टॅबवाला म्हणून मागा, तोच घ्यायचा. मग आयर्न फक्त पट्टीच्या टोकाला लागतो, सेल लांब राहतो.

२.६४ म्हणजे अजून वेळ आहे, पण फार नाही. हे सेल वर्षानुवर्षं ३ व्होल्टच्या आसपास टिकून राहतात आणि एकदा घसरायला लागले की भराभर उतरतात. रॅमला डेटा धरून ठेवायला साधारण २ व्होल्ट तरी लागतात. गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टल या तिन्ही गेम्सची ही भानगड जास्त आहे कारण त्या सेलवर रॅमबरोबर एक घड्याळही चोवीस तास चालतं, गेममध्ये सकाळ-रात्र आणि वार बदलतात ते त्याच्यामुळे. बोर्डावर चंदेरी नळीसारखा छोटा क्रिस्टल (घड्याळाला ठोका देणारा भाग) दिसेल, ३२,७६८ हर्ट्झचा, मनगटी घड्याळात असतो तोच. गंमत म्हणजे तुमचं सेव्ह पण बरोबर ३२,७६८ बाइट्सचं आहे. पुढच्या रुबी-सफायर या पोकेमॉन गेम्समध्ये सेव्ह फ्लॅश चिपवर (जिला डेटा धरायला सेल लागत नाही) गेलं, तिथे सेल मेला तर घड्याळ थांबतं पण सेव्ह राहतं. गोल्डमध्ये तसं नाही.

खात्रीचा मार्ग एकच, आधी सेव्ह कंप्युटरवर काढून घ्यायचं. त्यासाठी कार्ट्रिज डंपर मिळतो, यूएसबीला लावायचा, कार्ट्रिज त्यात खोचायचं, सेव्हची फाइल निघते. मग सेल निवांत बदला, सेव्ह उडालं तरी उडू द्या, नंतर तीच फाइल परत कार्ट्रिजवर लिहायची. माझ्याकडे जीबीएक्सकार्ट नावाचा डंपर आहे आणि मी कोथरूडला असतो, मेसेज करा.

२०३२ नको. आकड्यातच उत्तर आहे, २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर दोन्हींचा सारखाच, पण २५ म्हणजे जाडी अडीच मिलिमीटर आणि ३२ म्हणजे ३.२. कार्ट्रिजचं झाकण फुगतं, कधी नीट मिटत नाही. २०२५ पुष्कळ वर्षं जातो. टेपचं तर नावच काढू नका, कार्ट्रिज जरा आपटलं की सेल क्षणभर सुटतो आणि रॅमला तेवढंही पुरतं.

प्रतिसाद २

चालू गेमबॉयमध्ये सेल बदलायचं विचारलंय म्हणून लिहितोय. मी केलंय. कार्ट्रिज चालू असलं की रॅमला करंट गेमबॉयकडून मिळतो, त्यामुळे तेवढा वेळ सेल नसला तरी चालतं, तत्त्व बरोबर आहे. दोनदा जमलं. तिसऱ्या वेळी आयर्नचं टोक शेजारच्या चिपच्या पायांना टेकलं, गेमबॉय रीसेट झाला आणि सेव्ह गेलं. ते पुतण्याचं होतं, नऊ वर्षांचा होता तेव्हा, मी त्याला आधी दोनदा विचारलंही होतं की करू ना, आणि तो विश्वासाने हो म्हणाला होता. डंपर मिळत असेल तर हा मार्ग धरू नका.

सोल्डरिंगचं एक सांगतो. जुन्या डागावर आधी थोडं नवीन कथील आणि फ्लक्स (कथील नीट पसरवणारी पेस्ट) द्या, मग तो पटकन वितळतो. मायनसचा पॅड ग्राउंडला जोडलेला असतो, तो उष्णता खेचून घेतो, तिथे जरा जास्त वेळ लागेल, पण ओढायचं नाही, कथील चकचकीत पातळ झालं की पट्टी आपोआप उचलली जाते. आणि प्लस कुठे, मायनस कुठे, हे काढायच्या आधी बघून ठेवा, बोर्डावर छापलेलं असतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पुतण्याचं वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही लिहिलंत म्हणून मी तो मार्ग सोडला. प्रतिसाद १, मेसेज केलाय. टॅबवाले सेल तपकीर गल्लीत तिसऱ्या दुकानात मिळाले, दोन घेतले, एक सरावाला.

धागाकर्ती – अपडेट

झालं! रविवारी सकाळी कोथरूडला गेले. कार्ट्रिज डंपरमध्ये लावून सेव्ह काढलं, आणि प्रतिसाद १ वाल्या दादांच्या सांगण्यावरून दुसऱ्यांदा काढलं, तर दोन फाइल्स जुळेनात. तिथे माझे हातपाय गार पडले. पण ते शांत होते, म्हणाले पिना मळल्यात, एवढ्या वर्षांचं आहे. कानात घालायच्या बड्सला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कार्ट्रिजच्या सोनेरी पिना एकेक करून पुसल्या, बड काळेकुट्ट निघाले. मग परत काढलं, तिसरी आणि चौथी फाइल बाइट टू बाइट सारखी. तरी मी म्हटलं मला डोळ्यांनी बघायचंय, म्हणून त्यांनी ती फाइल लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये (गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लावली, कंटिन्यू दाबलं, आणि ट्रेनर सचिन, आणि पहिल्या नंबरला मगरू. फाइल माझ्या पेनड्राइव्हवर, मेलवर आणि भावाला न सांगता एका क्लाउडवर पण ठेवलीय.

सेल मी घरी येऊन स्वतः बदलला. हे मला स्वतःच करायचं होतं. पंखा बंद, खिडकी उघडी, टेबल लॅम्प जवळ ओढलेला. प्लसची पट्टी लगेच सुटली. मायनसची सुटेना, मिनिटभर तसंच, मग प्रतिसाद २ चं वाक्य आठवलं, ओढायचं नाही, आयर्न उचलला, थोडं नवीन कथील दिलं, परत टेकवला, आणि मळकट करडा डाग एकदम आरशासारखा झाला, पट्टी चिमट्यात अलगद आली. पॅड जागेवर. जुना सेल काढून मोजला तर २.५९, म्हणजे फोटो काढला त्या दिवसापासून आणखी उतरला होता. नवा झाळल्यावर मीटरवर ३.२१.

संध्याकाळी परत कोथरूड, फाइल कार्ट्रिजवर लिहिली, गेमबॉयमध्ये घातलं. कंटिन्यू केल्यावर गेमने घड्याळ चुकीचं असू शकतं, परत लावा असं सांगितलं, ते अपेक्षितच होतं, वार आणि वेळ लावली. मग बंद करून ठेवून दिला, दोन तासांनी, रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी असं बघत राहिले, दरवेळी सेव्ह जागेवर.

घड्याळ खरंच चालतंय का ते बघायला शुक्रवारपर्यंत थांबले. ज्यांनी खेळलंय त्यांना माहीत असेल, गेममधल्या युनियन केव्ह या गुहेत सगळ्यात खाली पाण्यात लाप्रस नावाचा पोकेमॉन येतो तो फक्त शुक्रवारी. आज ऑफिसातून आल्यावर गेले, पोहत पुढे गेले, तर उभा होता. भावाला व्हिडिओ कॉल लावला, त्याच्याकडे दुपार होती, मी फोन गेमबॉयच्या स्क्रीनवर धरला, काही सांगितलं नाही. त्याने आधी मगरूचं नाव वाचलं. बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ताई, तो लाप्रस मारू नकोस, पकडू पण नकोस, मी येतोय ना.

तसाच सोडून बंद केलाय. दर शुक्रवारी येतोच तो.