हापूस संपला तरी पहिल्या रांगेत तोच. ऑनलाइन दुकानातला क्रम ठरतो कसा?

वेंगुर्ल्याची सोलं:
नमस्कार. आम्ही बचत गटाच्या सहा जणी सोलं (आमसुलं), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), काजूगर, आंबापोळी, कुळथाचं पीठ ऑनलाइन विकतो. मेअखेरपर्यंत हापूसच्या पेट्याही असतात. आज जूनची २० तारीख. शेवटचा आंबा उतरून वीस दिवस झाले, तरी दुकान उघडलं की वरती चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेटी आणि तिन्हींवर ‘स्टॉक संपला’. सोलं दुसऱ्या पानावर. एप्रिल-मेच्या उन्हात बायकांनी ती रसात बुडवली, वाळवली, परत बुडवली, परत वाळवली. आता डबे भरून घरात आहेत आणि गिऱ्हाईक आंबा नाही बघून परत फिरतंय. दुकान लावून देणारा मुलगा म्हणतो, ‘ऑटोमॅटिक आहे, जास्त खपतं ते वर येतं.’ मग गेल्या आठवड्यात सोलंच खपली, ती वर का नाही आली?

कुडाळचा दुकानदार:
ताई, माझं दुकान वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. तुमचंही त्यावरच असेल तर ऐका. तिथे ‘पॉप्युलॅरिटी’ म्हणजे या आठवड्याचा खप नव्हे. वस्तू दुकानात चढवल्यापासून आजपर्यंत किती नग गेले, तो एकच आकडा प्रत्येक वस्तूपाशी साठत जातो आणि त्यावरून रांग लागते. तुमच्या तीन-चार मोसमांच्या पेट्या त्यात मोजल्या आहेत. आठवडाभराच्या सोलांनी ते अंतर तुटणार नाही.

आधी सेटिंग्जमध्ये प्रॉडक्ट्स, मग इन्व्हेंटरी उघडा. संपलेला माल यादीतून लपवायची खूण तिथे आहे. पेट्या यादीतून जातील, पण जुनी लिंक असलेल्याला पान उघडेल. मार्चमध्ये स्टॉक भरलात की त्या पुन्हा वरच येणार, कारण आकडा पुसला जात नाही.

म्हणून दुसरं काम जास्त महत्त्वाचं. दुकानाचा मूळ क्रम ‘डिफॉल्ट सॉर्टिंग’वर ठेवा. हा क्रम तुम्ही दिलेल्या नंबराने लागतो, लहान नंबर आधी. नंबर सारखे असले की नावाप्रमाणे. मुळात सगळ्यांचा नंबर ० असतो. त्यामुळे सोलांना १ दिलात तर ती सगळ्यांच्या खाली जातात. नंबरांत शिरूच नका. प्रॉडक्ट्सच्या यादीत वर ‘सॉर्टिंग’ आहे, तिथे वस्तू माउसने ओढून हव्या तिथे ठेवा. मी दर पंधरा दिवसांनी हे हाताने करतो. पावसाळा लागला की कुळथाचं पीठ आणि सोलं वर, गणपतीच्या आधी काजूगर.

‘रेटिंग’वर तर अजिबात ठेवू नका. एकाच माणसाने पाच तारे दिलेली वस्तू साठ जणांच्या ४.८ च्या पुढे जाते. माझ्याकडे एक लोणचं असंच महिनाभर वर बसलं होतं.

काजू कारखान्यातला:
किमतीच्या क्रमाबद्दल सांगतो. तुमचं आगळ २०० मिलीपासून ५ लिटरपर्यंत एकाच पानावर असेल, तर ‘कमी किमतीपासून’ लावल्यावर २०० मिलीची किंमत धरली जाते आणि ‘जास्त किमतीपासून’ लावल्यावर कॅनची. म्हणजे आगळ दोन्हीकडे पुढे दिसू शकतं.

दुसरं म्हणजे नावात आकडे असले की ते अक्षरांसारखे लागतात. ‘काजू १ किलो’ हा ‘काजू २५० ग्रॅम’च्या आधी येतो, कारण १ हा २ च्या आधी. आणि काजूची ग्रेड टाकाल तेव्हा खाली अर्थ लिहाच. २४० म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर, ३२० म्हणजे त्याहून जास्त, म्हणजे बारीक. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मोठा आकडा बघून मोठा काजू समजतं आणि मग पाकीट उघडून फोन करतं. आमच्याकडे चाळणीवर ग्रेड लावणाऱ्या बायकांना हे बोटांनी कळतं, ते स्क्रीनवर कळत नाही.

वेंगुर्ल्याची सोलं:
दोघांचेही आभार. दादा, वूकॉमर्सच आहे. नंबराचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी सोलांना १ च दिला असता! पेट्या लपवल्या. सोलं, आगळ आणि पीठ ओढून पहिल्या रांगेत आणली. वर एक ओळ टाकली, ‘हापूस आता मार्चमध्ये’. दुपारपासून सोलांच्या दोन ऑर्डरी आल्या, एक डोंबिवलीची, अर्ध्या किलोची. काजूच्या ग्रेडचं उद्या लिहिते, आता पाकिटं भरायला बसतोय.