मदत हवी आहे : अंतराळ स्थानकातली ट्रेडमिल मॉडेलमध्ये कशी दाखवावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या आठवीच्या मुली विज्ञान प्रदर्शनासाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या व्यायामाचं मॉडेल करतायत. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी तिथल्या ट्रेडमिलवर बोस्टन मॅरेथॉन ४ तास २४ मिनिटांत पूर्ण केली, हे वाचल्यापासून त्यांना दुसरा विषयच सुचत नाहीये.

तिथे चालणं असं नसतंच. कठडे धरून तरंगत जायचं, काम करताना पाय पट्ट्यांत अडकवायचे. पायांवर भारच नाही, म्हणून व्यायाम केला नाही तर पोटऱ्या-मांड्या झिजतात आणि खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते दीड टक्क्याने घटते. त्यामुळे रोज दोनेक तास व्यायाम. वजनं उचलण्याऐवजी निर्वात सिलिंडरच्या विरोधात जोर लावायचा, सायकलला तर सीटही लागत नाही. इथवर जमलंय.

घोडं पेंड खातंय ट्रेडमिलपाशी. खांद्यांवर आणि कमरेला पट्टे, त्यांना ताणाचे दोर, ते माणसाला खाली ओढून धरतात. मुलींनी बाहुलीच्या कमरेला रबर लावलं, तर ती पुढे वाकून दुमडतेच. शिवाय एकीने विचारलं, "बाई, दोर ओढतायत म्हणजे वजन परत आलं ना?" नाही आलं, हे मला कळतं, पण तिला डोळ्यांनी दिसेल असं कसं दाखवू? कुणी असा प्रयोग केलाय का? प्लीज सुचवा.

प्रतिसाद :

ताई, मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे, तोच मॉडेलच्या मध्यभागी ठेवा.

बाहुलीचा पट्टा खांद्यांवरूनही न्या आणि दोन्ही बाजूंना सारख्या ताणाचं रबर लावा, मग ती वाकणार नाही. वजनाच्या प्रश्नासाठी एका मुलीला चाकांच्या फळीवर उताणं झोपवा, तळवे भिंतीला टेकलेले, आणि पट्ट्याचं रबर भिंतीकडे ताणलेलं. नासाच्या क्लीव्हलंडच्या केंद्रातही माणसाला असंच आडवं टांगून उभ्या ट्रेडमिलवर धावायला लावतात. फळीवरच्या मुलीच्या पायांवर भार येईल, पण वेणी पायांकडे ओढली जाणार नाही. रक्ताचंही तेच. दोर फक्त पट्टा ओढतो, गुरुत्वाकर्षण शरीराचा कण न् कण ओढतं. म्हणून रोज धावूनही तिथे चेहरा सुजलेलाच दिसतो.

उलट उदाहरण हवं तर १९७३चं स्कायलॅब हे नासाचं अंतराळ स्थानक घ्या. तिथे अंतराळवीर गोल भिंतीच्या आतून, दोराशिवाय धावले होते. व्यास साडेसहा मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ११ किमी वेगाने गोल धावल्यामुळे तळपायाशी पृथ्वीच्या पाव भागाहून थोडं जास्त 'वजन' मिळतं, डोक्याशी त्याच्या निम्मं. कमी असलं तरी ते अंगभर असतं.

रबर सायकलच्या जुन्या ट्यूबचं घ्या आणि ताण स्प्रिंगच्या काट्याने मोजा. ५-६ किलोच्या वर नेऊ नका, पट्टे खांद्यांना काचतात. ही तक्रार खऱ्या अंतराळवीरांचीही आहे.