मदत हवी: गोल सुईवर टाके जोडलेच जात नाहीयेत

चिऊची_मावशी:
रविवारी बारसं आहे, बाळाची टोपी विणायला घेतलीय. गोल सुईवर (दोन टोकं, मधे लवचिक केबल) ८० टाके घातले. व्हिडिओत ती बाई दोन टोकं जवळ आणते आणि सुरूच करते. माझी टोकं जवळ आणली की टाके ताणून त्यांची जाळी होते, सोडली की मधे वीतभर केबल उघडी. सगळं उसवून परत घातले, तेच! गोल सुईसाठी टाके घालायची वेगळी पद्धत असते का? प्लीज लवकर सांगा.

उलटसुलट:
टाके नेहमीसारखेच घालायचे. केबल किती लांब? सुई कितीची? लोकर कुठली?

चिऊची_मावशी:
८ नंबर. लोकर पांढरी.

बे_एरियातली_बे:
८ नंबर म्हणजे ५ मिमी. बेबी टोपीला फार जाड, भोकं पडतील. बदल आधी.

दुर्गाकाकू:
ते तुमच्या अमेरिकेत. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ब्रिटिश नंबर, त्यात ८ म्हणजे ४ मिमी. तिकडे आकडा वाढला की सुई जाड, इकडे बारीक. उगाच घाबरवू नका पोरीला.

मुका_खांब:
क्रोशेने कर ना. गोल रिंग, आत सहा मुके खांब (क्रोशेचे बुटके टाके), वाढवत जायचं. एका संध्याकाळी टोपी तयार, टाके निसटायची भीतीच नाही.

चिऊची_मावशी:
क्रोशे येत नाही हो मला. पाकिटावर ४ मिमी, ८० सेमी लिहिलंय. पण त्याचा टाके जोडण्याशी काय संबंध?

उलटसुलट:
सगळं तिथेच अडलंय. बेबी वूल असेल तर ४ मिमीवर १० सेमीत साधारण २२ टाके बसतात. म्हणजे तुझे ८० टाके झाले जेमतेम ३६ सेमी. ते ८० सेमीच्या सुईला वेढा घालणार कसे? ४० सेमीची सुई आण, तेवढं ताणून बसतं. नाहीतर आहे त्याच सुईवर मॅजिक लूप कर. टाके केबलवर सरकव, ४० मोजून मधून केबल चिमटीने बाहेर ओढ. दोन्ही सुया समांतर धर, टोकं उजवीकडे, गोळ्याचा धागा मागच्या सुईवर. मागची सुई ओढून घे, तिचे टाके केबलवर जातील. त्या मोकळ्या टोकाने पुढच्या सुईवरचे ४० विण. मग काम फिरव, परत तेच.

दुर्गाकाकू:
त्या ओढाओढीपेक्षा पाच सुयांचा संच घे. चारांवर वीस-वीस टाके, पाचवीने विणायचं. शेंड्याकडे टाके कमी झाले की ४० सेमीची सुईही हात टेकते, तेव्हा याच लागतात.

उलटसुलट:
काकू, नवख्या हाताने पाच सुयांच्या सांध्यांवर टाके ढिले पडतात, शिडीसारखी रेघ दिसते. मॅजिक लूपवर शेंडाही त्याच सुईवर होतो.

दुर्गाकाकू:
माझ्या मोज्यांवर कधी दिसली नाही रेघ.

गरमागरम:
मुंबईत बाळाला लोकरीची टोपी कशाला? घामोळं येईल. सुती धागा घ्या.

चिऊची_मावशी:
बाळ नाशिकला आहे, थंडी आहे तिथे. आणि मी हे विचारलंच नव्हतं. @उलटसुलट, केबल बाहेर आली पण स्प्रिंगसारखी गुंडाळतेय.

उलटसुलट:
गरम पाण्यात मिनिटभर बुडव, सरळ होते. फक्त केबल, लोकर नको!! जोडण्याआधी टेबलावर ठेवून बघ, टाक्यांची गाठींची कड सगळीकडे आतल्या बाजूला हवी. एक जरी वळसा राहिला तर टोपीचा पीळ होईल.

बे_एरियातली_बे:
मी तर आधी दोन ओळी सपाट विणते आणि मगच जोडते. पट्टी रुंद झाली की पीळ लगेच दिसतो. मधली फट सुरुवातीला उरलेल्या धाग्याच्या शेपटीने शिवायची.

नुसती_वाचक:
पुण्यात ४० सेमीची सुई कुठे मिळेल? तुळशीबागेत सगळीकडे लांबच दाखवतात.

चिऊची_मावशी:
एक फेरी झाली आणि पीळ पडलाय. आता??? परत उसवू?

उलटसुलट:
थांब, उसवू नकोस. दुसऱ्या फेरीचा टाका विणला नाहीस ना अजून? मग शेवटच्या आणि पहिल्या टाक्यामधे एकच धागा आहे. सगळे टाके सुईभोवती फिरवत तो वळसा त्या धाग्यापर्यंत आण आणि पुढे विण. दुसरी फेरी झाली असेल तर मात्र इलाज नाही.

मुका_खांब:
क्रोशेत ही भानगडच नसते.