मदत हवी आहे: 'मोन ऑंक्ल ज्यूल'मधला 'ऑंक्ल' मराठीत कसा आणावा?

मोपासाँच्या या कथेचा ('माझे ज्यूलकाका', 1883) मूळ फ्रेंचमधून अनुवाद चालू आहे. जर्सी बेटाच्या बोटीवर कालवं फोडून विकणारा फाटका म्हातारा हाच बापाचा हरवलेला भाऊ ज्यूल, हे कळताच अब्रूच्या धास्तीने आईबाप पाच फ्रँकचं नाणं देऊन मुलाला, कथा सांगणाऱ्या जोझेफला, एकट्यालाच पैसे चुकते करायला पाठवतात. जोझेफ 'मस्य' (महाशय) म्हणून हिशेब विचारतो. ओठावर मात्र 'मोन ऑंक्ल' असतं. घोडं इथेच अडलंय. आपल्याकडे पोरं कुठल्याही विक्रेत्याला 'काका' म्हणतात, त्यामुळे न उच्चारलेल्या शब्दातली कळच जाते. 'चुलते' बोलीत हाक म्हणून चालत नाही. सध्या उघड संबोधन 'साहेब' आणि मनात 'ज्यूलकाका' असं ठेवलंय, पण कालववाल्याला 'साहेब' कानाला खटकतं. नुसतं 'अहो' पुरेल का?

दुसरं, बिल अडीच फ्रँक, बक्षिशी दहा सू, म्हणजे अर्धा फ्रँक. 'आठ आणे' मोह पाडणारं आहे, पण त्याने बोट थेट रेवसला लागेल! 'सू' ठेवलं तर बिलाचा पाचवा हिस्सा बक्षिशी दिल्यावर आई का भडकते, हे तळटीपेशिवाय कसं पोचवायचं?