मदत हवी आहे: जोसाया बार्टलेटच्या चरित्रलेखातले मराठी शब्द

जोसाया बार्टलेट (1729–1795) यांच्यावर मराठीत लेख लिहितो आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या किंग्स्टनचे हे डॉक्टर. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. तीन ठिकाणी शब्द अडले आहेत.

पहिली अडचण वैद्यकाची. त्या काळच्या घशाच्या जीवघेण्या साथीत ते सिंकोनाची साल देत. या साथीला सरळ ‘घटसर्प’ म्हणावं का? तेव्हा निदान लक्षणांवरूनच होई, त्यामुळे लोहितांग ज्वराचे (स्कार्लेट फीव्हरचे) रोगीही त्यात मिसळलेले असू शकतात. शिवाय सिंकोनातलं क्विनाइन हिवतापावर चालतं, घटसर्पाच्या जंतूवर नाही. ‘सालीने घटसर्प बरा केला’ असं लिहिलं तर ते चुकीचंच ठरेल. मी ‘घशाची साथ’ लिहून कंसात खुलासा द्यायच्या विचारात आहे.

दुसरी अडचण पदाची, आणि इथे हमखास घोळ होतो. 1790 मध्ये ते राज्याचे ‘प्रेसिडेंट’ झाले. 1792 च्या घटनादुरुस्तीने त्याच पदाला ‘गव्हर्नर’ हे नाव मिळालं. ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहिलं की वाचक थेट वॉशिंग्टनपाशी पोचतो. ‘राज्यपाल’ही पटत नाही, कारण आपला राज्यपाल नेमलेला असतो, हे निवडून आलेले. ‘राज्याध्यक्ष’ चालेल का?

तिसरं, 1779 मध्ये ते ‘कोर्ट ऑफ कॉमन प्लीज’चे न्यायाधीश झाले, तेही वकिलीचं शिक्षण नसताना. ‘दिवाणी न्यायालय’ पुरेसं आहे का? 1782 मध्ये ते ज्या सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश झाले ते त्याच्या वरचं, तो फरक शब्दांतही दिसायला हवा. कायद्याच्या जाणकारांनी कृपया सुचवावं.