'मी कोण?' चाचणी मराठीत घेताना

कोरीपाटी: एमएच्या प्रकल्पासाठी २० विधानांची चाचणी ('मी कोण?' या एकाच प्रश्नाची २० उत्तरं लिहायची) मुलींकडून मराठीत घ्यायची आहे. 'मी ____ आहे' अशा २० ओळी छापल्या तर चालेल का? बहुतेकींनी मुलगी, बहीण, विद्यार्थिनी असंच लिहिलं, तर 'आपल्याकडे स्व नात्यांत असतो' असं म्हणता येईल?

शब्दवेल्हाळ: 'आहे' छापू नका, सगळा घोळ तिथेच होतो. मराठीत स्वभाव बऱ्याचदा 'मला'ने सांगतात: मला पटकन राग येतो, मला एकटं राहायला आवडतं. 'मी... आहे'च्या चौकटीत ही वाक्यं बसतच नाहीत. मग मुलगी 'मी रागीट आहे' असं ओढूनताणून लिहिते, नाहीतर सरळ 'मी थोरली मुलगी आहे' लिहून मोकळी होते. शिवाय 'कोण'चं उत्तर नात्यात किंवा कामात येतं, स्वभाव विचारायचा तर आपण 'कशी' म्हणतो. २० ओळी पूर्ण कोऱ्या ठेवा आणि 'कसंही वाक्य चालेल' अशी सूचना द्या. नाहीतर व्याकरणाचा परिणाम संस्कृतीच्या नावावर जमा होईल.

मोजपट्टी: ही चाचणी मांडणाऱ्या कुन आणि मॅकपार्टलँड यांनी १९५४ मध्ये १२ मिनिटं दिली होती, तेवढीच द्या. सुचेल त्या क्रमाने, स्वतःलाच उत्तर दिल्यासारखं लिहायला सांगा. टक्केवारी भरलेल्या ओळींवर काढा, २० वर नाही. शेवटच्या ओळी पुष्कळदा कोऱ्या राहतात. उत्तरांचं वर्गीकरण दोघांनी एकमेकांचं न पाहता करा. 'घरी मी गप्प असते' याला वेगळा रकाना हवाच, कारण तो गुणही आहे आणि प्रसंगही. कझिन्स या संशोधकाच्या १९८९ च्या अभ्यासात साध्या चाचणीत जपानी विद्यार्थ्यांनी अमेरिकनांपेक्षा कमी स्वभावगुण लिहिले. 'घरी', 'शाळेत' असा प्रसंग दिल्यावर चित्र उलटलं, जपानी विद्यार्थ्यांनीच जास्त लिहिले. म्हणून एकाच कागदावरून तुमचा तो निष्कर्ष काढू नका.

सूत्रपाठ: अहवालात 'ईगो'ला 'अहंकार' लिहू नका. बोलण्यात अहंकार म्हणजे गर्व. सांख्य दर्शनात मात्र ते बुद्धीनंतरचं तत्त्व, ज्यातून मन आणि इंद्रियं निघतात. 'अस्मिता'चं तर आणखी अवघड: आज अभिमानाने मिरवायचा शब्द, पण योगसूत्रांत (२.६) द्रष्टा आणि पाहण्याचं साधन एकच वाटणं, म्हणजे क्लेश, दुःखाचं एक मूळ. रमण महर्षींचा आत्मशोधाचा 'मी कोण?'ही इथे जोडू नका. तिथे सुचलेलं प्रत्येक उत्तर बाजूला सारायचं असतं, इथे ते मोजायचं आहे. 'स्व-संकल्पना' हा शब्द पुरेसा आहे.